गायिकेचा श्वासही ऐकू येईल अशी ध्वनिमुद्रणे कशी शोधावीत?

पागोळी (रत्नागिरी)

नमस्कार. आमच्या घरी ऐकणे म्हणजे नाट्यसंगीत, भावगीते आणि किशोरीताई. त्यापलीकडे आमची मजल कधी गेली नव्हती. गेल्या गणपतीत मुलगी घरी आली तेव्हा तिने नोरा जोन्स यांचा २००२ सालचा ‘कम अवे विथ मी’ हा अल्बम लावला. ऐकायला बसलो ते पंडित रविशंकरांची कन्या म्हणून, पण दुसऱ्या गाण्यापर्यंत ते नाते विसरून गेलो. ओळ उचलण्यापूर्वी घेतलेला श्वास आणि पियानोच्या दोन सुरांमधली शांतता इतकी जवळून ऐकण्याची सवय माझ्या कानांना नव्हती.

त्यानंतर जॅझ आणि मोजक्या वाद्यांवर गाणाऱ्या आणखी काही गायिका ऐकल्या. काही फार आवडल्या, पण काहींच्या गाण्यात प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ कानात सुई टोचल्यासारखा लागतो. दोष मुद्रणाचा की आमच्या घराचा, हे कळत नाही. भिंती चिऱ्याच्या असल्या तरी आतून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा आहे, खाली टाइल्स, वर कौले, आणि स्पीकर शोकेसमध्ये भिंतीला टेकून ठेवलेले. चांगली मुद्रणे ओळखावी कशी आणि सुरुवात कोणापासून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खाडीपलीकडे (राजापूर)

आपण गायिकांची नावे विचारली आहेत, पण मी आपल्याला आधी ध्वनिमुद्रकांची नावे वाचण्याची सवय लावून घ्या असे सांगेन. अल्बमच्या वेष्टणावर बारीक अक्षरांत छापलेले ते नाव एकदा ओळखीचे झाले की पुढच्या दहा गायिका आपोआप सापडतात. डायना क्रॉल यांचा २००१ सालचा ‘द लुक ऑफ लव्ह’ ऐका. मागे मोठा तंतुवाद्यवृंद असूनही आवाज त्यात बुडत नाही, पुढे येऊन अंगावरही पडत नाही. ते मुद्रण अल श्मिट यांचे असून त्यासाठी त्यांना ग्रॅमी मिळाले. पॅट्रिशिया बार्बर यांचा १९९४ सालचा ‘कॅफे ब्लू’ जिम अँडरसन यांनी मुद्रित केला. त्यात बार्बर स्वतःच पियानो वाजवतात, आणि डबल बासच्या (खर्जाचे सूर देणाऱ्या मोठ्या तंतुवाद्याच्या) तारेवरून बोट सुटल्याचा आवाज व मागाहून घुमणारे लाकूड या दोन गोष्टी वेगवेगळ्या ऐकू येतात.

कान तयार करायचा असेल तर वाद्ये कमी असलेले मुद्रण घ्यावे. ज्युली लंडन यांच्या १९५५ सालच्या ‘ज्युली इज हर नेम’मध्ये साथीला बार्नी केसल यांची गिटार आणि एक बास एवढेच आहे, लपायला जागाच नाही, त्यामुळे आवाजाची धाप, ओठांची हालचाल, सारे उघडे पडते. सत्तर वर्षांपूर्वीचे हे मुद्रण आजच्या कित्येक अल्बमांपेक्षा निवांत वाटते, याचे कारण त्यात हळू आणि मोठा यांतले अंतर शिल्लक आहे. नव्वदच्या दशकापासून गाणे सतत मोठे वाजावे म्हणून ते अंतर दाबून टाकण्याची स्पर्धा लागली, आणि जुन्या अल्बमांच्या काही नव्या आवृत्त्याही तिच्यातून सुटल्या नाहीत. म्हणून एकाच अल्बमच्या दोन आवृत्त्या मिळाल्या तर दोन्ही ऐकाव्यात, मात्र आवाजाची पातळी सारखी करूनच, कारण जी किंचित मोठी वाजते ती कानाला उगाचच चांगली वाटते.

आणखी एक, माझ्या विशेष आवडीचे. काउबॉय जंकीज या कॅनडातील गटाने ‘द ट्रिनिटी सेशन’ हा अल्बम २७ नोव्हेंबर १९८७ रोजी टोरांटोच्या एका चर्चमध्ये एकाच मायक्रोफोनभोवती बसून मुद्रित केला. मार्गो टिमिन्स यांच्या आवाजामागे त्या वास्तूची पोकळी ऐकू येते. आपल्याकडे दुपारच्या वेळी रिकाम्या देवळाच्या सभामंडपात कोणी एकट्याने भजन म्हणावे, तसे काहीसे.

कंदील (चिपळूण)

वरील यादीशी मी सहमत आहे, पण प्रश्नकर्त्यांची निम्मी तक्रार मला खोलीची वाटते. तोच टोचणारा ‘स’ आधी हेडफोनवर ऐका. तिथेही टोचला तर दोष मुद्रणाचा: मायक्रोफोन तोंडाच्या फार जवळ असणे आणि वरच्या कंपनांना दिलेला अनावश्यक उठाव, ही त्याची नेहमीची कारणे. ‘स’चा जोर साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि तो पट्टा थोडाही उचलला तरी कानाला लागतो. हेडफोनवर टोचला नाही, तर गिलावा आणि टाइल्स यांच्याकडे पाहा. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एकदा टाळी वाजवा. मागून झणझणाट आला तर समजावे.

उपाय खर्चाचा नाही. स्पीकर शोकेसमधून बाहेर काढून भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे आणावेत, त्यांच्या आणि आपल्या मध्ये जाड सतरंजी अंथरावी आणि बाजूच्या भिंतीवर जुनी गोधडी टांगून पाहावी. (घरातल्या मंडळींची परवानगी आधी घ्यावी, हे अनुभवाने सांगतो.)

सुरंगी (वेंगुर्ले)

थोडा वेगळा सूर लावते, त्याबद्दल क्षमस्व. उत्तम मुद्रणाच्या मागे लागलेला माणूस हळूहळू गाणे सोडून खरखर ऐकू लागतो, असे मी घरातच पाहिले आहे. आमच्यापासून सीमा ओलांडली की गोवा. तिथल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली, आणि तिचे मुद्रण आजच्या कसोटीवर कोणी उत्तम म्हणणार नाही. लोर्ना यांची ख्रिस पेरी यांच्यासोबतची कोंकणी गाणीही तशीच: बँड पुढे सरसावतो, ध्वनी कोंदट वाटतो, पण जॅझची फेक कोंकणीत कशी बसते हे त्याहून चांगले कुठे ऐकायला मिळेल? मुंबईच्या आशा पुथली यांनी अमेरिकी जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ या अल्बममध्ये गायले आहे, हेही आपल्याकडे फार कमी जणांच्या कानावर असते.

तरीही यादीत एक भर घालतेच. ईव्हा कॅसिडी यांचा ‘लाइव्ह अॅट ब्लूज अॅली’ हा वॉशिंग्टनच्या एका क्लबात जानेवारी १९९६ मध्ये मुद्रित झालेला अल्बम आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्या गेल्या. श्रोत्यांसमोरचे मुद्रण असूनही त्यांचा आवाज वरच्या पट्टीत कुठेही फाटत नाही, आणि हळू ओळीला तो इतका खाली येतो की आपणच आपला श्वास रोखून धरतो.

पागोळी (रत्नागिरी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हेडफोनची परीक्षा केली: टोचणाऱ्या चार अल्बमांपैकी एकच खरोखर सदोष निघाला, बाकीचे तीन आमच्या गिलाव्याचे बळी होते. स्पीकर पुढे आणले आहेत. गोधडीला परवानगी मिळाली नाही, पण पुस्तकांचे कपाट बाजूच्या भिंतीला सरकवल्यावर झणझणाट बराच उतरला. काल रात्री ज्युली लंडन लावल्या आणि तिसऱ्या गाण्याला पडवीच्या पत्र्यावर पाऊस सुरू झाला, तेव्हा गिटार पूर्ण नाहीशी झाली. ‘कॅफे ब्लू’ आता नवरात्रानंतर, उघडीप झाल्यावरच ऐकेन.