छकुली आणि परातभर दादर

२०४, छकुलीची आई: आपल्या इमारतीतल्या, लहान पोरं सांभाळलेल्या सगळ्यांना विचारते. छकुली दीड वर्षाची झाली. दिवसभर खालचे कप्पे उघडायचे नि डबे ओतायचे. आज दादर ज्वारी निवडायला परातीत घेतली, गॅस बंद करायला वळले तेवढ्यात परात उपडी! त्यातच बसून मुठीनं दाणे पायावर सोडत होती. वाट्या आपटते त्याचा खालच्या काकूंना त्रास होतो, तेही कळतं. हिला वळण कसं लावू?

१०४, काकू: माय व! आवाजाचं मनावर घेऊ नको. दुपारी दोन ते चार काका झोपतात, तेवढं सांभाळ. बाकी आपटू दे.

३०१: वहिनी, मोबाईल लावून द्या, तासभर शांत बसते पोरगी.

४०२, ताई: मोबाईल नको भाऊ. बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच. आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल अधूनमधून चालतो.

४०२, आजी: बाई, मी बालवाडी चालवली आहे, म्हणून जरा लांबण लावते. छकुली दाणे सोडताना तिच्याकडे नीट बघ. मूठ सैल केली की दाणे सुटतात, पायाला टोचतात, फरशीवर उसळतात. पीठ सोडलं तर उसळत नाही, नुसतं पसरतं. चमचा पुन्हा पुन्हा खाली टाकते तोही दर वेळी वेगळा, कधी उंचावरून, कधी बाजूला. ती खोड्या काढत नाही, वस्तू कशी वागते ते शोधते. पियाजे या मानसशास्त्रज्ञानं या वयाबद्दल हेच नोंदवून ठेवलंय. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा आजूबाजूला मिळेल त्याचंच शिकायचं साहित्य केलं. तुझ्या घरात ते भरपूर आहे. खालचा एक कप्पा तिचा ठेव: स्टीलच्या वाट्या, गाळणी, लाकडी पळी. ज्वारी द्यायची तर शेजारी बसून. दाणा नाकात, कानात घालायला वेळ लागत नाही.

पण काही गोष्टींत हयगय नको. शेंगदाणे, फुटाणे चार वर्षांपर्यंत हाती लागू देऊ नका, श्वासनळीत अडकतात. आपल्याकडे तर शेंगदाण्याचा डबा कायम ओट्यावर उघडा. रिमोटचा गोल सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. उलटी काढायची नाही, थेट दवाखाना गाठायचा. नळ रोज येत नाही म्हणून आपण बादल्या भरून ठेवतो. पोर वाकून बघतं, डोकं जड, तोल गेला की वर येता येत नाही. वीतभर पाणीही पुरतं. झाकणं घट्ट लावा नि मोरीला कडी घाला.

२०४, छकुलीची आई: आजी, कोठीत किडीच्या गोळ्या टाकल्यात. कोठी स्वयंपाकघरातच आहे.

४०२, आजी: मग आधी ते काम. कोठीला आजच कुलूप घाल. त्या विषारी असतात, त्यांतून निघणारा नुसता वायूही घातक. बंद खोलीत तर मुळीच नको. दुकानदाराला विचारून त्या काढून टाक, उघड्या हातानं नको.

३०१: आमच्याकडेही आहेत. आत्ताच बघतो.

१०४, काकू: रविवारी गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचेत. छकुलीला आण. शिजवलेलं पीठ, घाटा, निवला की वाटीभर देते, जुन्या लुगड्यावर तिचे तिला थापू दे. आपले आपण खाटेवर घालू, तिचा हात पोचणार नाही.

२०४, छकुलीची आई: येते काकू. लाटायलाही बसते.