अंबाजोगाईहून पुण्याला परततानाचे किरकोळ त्रास कसे टाळावेत?

प्रश्न

भाऊबीज आटोपून आम्ही दरवर्षी अंबाजोगाईहून केज, मांजरसुंबा, जामखेड, अहिल्यानगर या मार्गाने पुण्याला परततो. माहेरातून निघताना मन आधीच जड झालेले असते आणि पुढच्या सहा-सात तासांत बारीकसारीक त्रास इतके होतात, की घरी पोचेपर्यंत कोणी कोणाशी धड बोलत नाही. या वर्षी डिकीत ज्वारीची ५० किलोंची दोन पोती, तुरीची डाळ, येसराचा डबा आणि लोणच्याची बरणी होती. नेकनूर येण्याआधीच बरणीचे झाकण सैल होऊन तेल पोत्याच्या सुतळीपर्यंत झिरपले आणि काचा उघडूनही तो वास थेट पुण्यापर्यंत आला. बालाघाटाच्या वळणांवर मोबाइल पाहणाऱ्या मुलीला उलटी झाली. अंधार पडल्यावर तर समोरून येणारा प्रत्येक जण आम्हाला डिपर मारत होता, आणि यजमान मात्र पुनःपुन्हा सांगत होते की आपले दिवे खालीच आहेत. आई देते ते नाकारणे मला जमणार नाही. मग यातले काय टाळता येईल?

उत्तर १

ताई, यजमानांचे म्हणणे खरेच असणार. डिकीत शंभर किलोंहून अधिक वजन ठेवले की गाडी मागून बसते, पुढचे तोंड वर उचलले जाते आणि खालचा प्रकाशझोतही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० पासून पुढे आकडे असलेली एक लहान चकती असते. वजन वाढेल तसा आकडा वाढवला की झोत खाली येतो. माझ्याकडे गाडी येऊन चार वर्षे झाल्यावर मला ती चकती कशासाठी आहे हे कळले, आणि तोवर किती जणांचे डोळे दिपवले असतील याचे आजही वाईट वाटते. उसाच्या हंगामात तर हे फारच जपावे लागते, कारण दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरला मागे लाल दिवा असेलच असे नाही आणि डोळे दिपलेल्या माणसाला तो दिसत नाही. चाकांतील हवाही निघण्यापूर्वी, चाके गार असताना तपासावी. भरलेल्या गाडीसाठी किती हवा हवी, हे चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर वेगळे लिहिलेले असते.

उत्तर २

तुम्ही जेवून निघता का? दुपारी बारा-साडेबाराला निघालात तर अहिल्यानगर सोडेपर्यंत साडेचार-पाच वाजतात. तिथून पुण्याचा रस्ता नैऋत्येला जातो आणि दिवाळीच्या दिवसांत सूर्यही नैऋत्येकडेच कलतो, त्यामुळे सहाच्या सुमारास तो मावळेपर्यंत ऊन थेट डोळ्यांवर येते. काचेवर काळ्या रानाची धूळ असेल तर समोरचे काहीच दिसत नाही. आम्ही लातूरहून पहाटे पाचला निघतो. आदल्या रात्रीच सामान भरायचे आणि निरोपही तेव्हाच घ्यायचा, असे मी आईला पहिल्या वर्षी सांगितले तेव्हा ती रुसली होती. आता तीच चारला उठून धपाटे करते आणि ते गरम असतानाच फडक्यात बांधून देते.

उत्तर ३

मुलीबद्दल थोडेसे. कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या भागाला गाडी वळल्याचे कळते, पण पडद्यावर खिळलेल्या डोळ्यांना सगळे स्थिर दिसते, आणि या विसंगतीमुळे मळमळते. तिला घाटात मोबाइल देऊ नका, दूरचे डोंगर पाहायला सांगा आणि निघताना पोटभर जेवू घालू नका.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आताच खाली जाऊन पाहिले. चकती आहे आणि ती ० वरच होती. संक्रांतीला जाणार आहोत, तेव्हा पहाटेच परत निघू. ज्वारीचे एक पोते भाऊ ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवायला तयार आहे. लोणच्याच्या बरणीचे तेवढे कोणीच काही सांगितले नाही.

उत्तर २

झाकणाखाली प्लास्टिकचा कागद ठेवून बरणी घट्ट लावा, वरून फडके बांधा आणि डिकीत न ठेवता पुढच्या सीटखाली, दोन्ही पावलांच्या मध्ये उभी धरा. आमची तीन वर्षांत एकदाही सांडलेली नाही.