मदत हवी आहे: दादाला ३४व्या वर्षी एओर्टिक डिसेक्शन, आता माझ्या इकोत ४.३ सेंमी

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी दादाला टाइप ए डिसेक्शन (हृदयातून निघते तिथेच महाधमनी आतून चिरणं) झालं. वय ३४. बीपी नाही, शुगर नाही, सिगरेट नाही. अचानक छातीत आणि पाठीत फाटल्यासारखं दुखलं, घाम फुटला आणि बघता बघता कळ कमरेकडे सरकली. ईसीजी नॉर्मल, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झालीय का ते सांगणारी रक्ततपासणी) नॉर्मल. 'या वयात कसला अ‍ॅटॅक, अ‍ॅसिडिटी आहे' म्हणून घरीच पाठवत होते. एका ज्युनियर डॉक्टरबाईंनी दोन्ही हातांचं बीपी घेतलं, त्यात बराच फरक निघाला, म्हणून सीटी अँजिओ झालं. महाधमनीच्या आतल्या अस्तराला चीर जाऊन रक्त भिंतीच्या थरांमध्ये शिरलं होतं. त्याच रात्री बेंटॉल ऑपरेशन (महाधमनीचा मुळाचा भाग आणि व्हॉल्व्ह बदलणं). आता मेकॅनिकल व्हॉल्व्ह आहे, वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) आणि आयएनआर (तिचा परिणाम मोजणारी रक्ततपासणी) जन्माचे मागे लागलेत, पण दादा कामावर जातोय.

डिस्चार्जच्या कागदावर अगदी तळाला लिहिलं होतं की आईवडील, भावंडं, मुलं यांचे इको करून घ्या. (एवढी मोठी गोष्ट तळाला का, देव जाणे.) आई नॉर्मल. बाबा आम्ही लहान असताना 'हार्ट अ‍ॅटॅक'ने गेले, पोस्टमॉर्टेम झालं नव्हतं. धाकट्या बहिणीचा इको ठीक आहे. माझं वय २९, उंची मध्यम, एओर्टिक रूट (महाधमनीचा हृदयाजवळचा मुळाचा भाग) ४.३ सेंमी. व्हॉल्व्ह तीन पाकळ्यांचा, गळत नाही. डॉक्टरांनी बीटा ब्लॉकर (बीपी आणि ठोके कमी ठेवणारी गोळी) सुरू केला आणि 'वर्षाने या' म्हणाले.

नेटवर जिथे तिथे ५.५ सेंमीला ऑपरेशन असं दिसतं. मग ४.३ म्हणजे निवांत राहायचं का? जेनेटिक टेस्ट मी करायची की दादाने? जिम पूर्ण बंद? आणि बहिणीचा बाळाचा विचार चालू आहे, तिला काय सांगू?

स्टेथोवाली:
कार्डिऑलॉजीत काम करते, पण तुमचे कागद पाहिलेले नाहीत, हे धरून वाचा.

५.५ हा आकडा तुमच्यासाठी नाही. तो घरात काही इतिहास नसलेल्यांसाठी, आणि तिथेही अनुभवी सेंटर हल्ली निवडक रुग्णांत ५ ला करतात. मार्फन सिंड्रोममध्ये (महाधमनीची भिंत कमजोर करणारा आनुवंशिक आजार) ५ च धरतात, लोईस-डीट्झमध्ये (तसाच दुसरा आजार) जनुक पाहून त्याहूनही आधी. घरात डिसेक्शन झालंय पण जनुक सापडलेलं नाही, अशांसाठी २०२२च्या अमेरिकन गाइडलाइन्समध्ये ५ आहे. मात्र नातेवाइकाला ५ च्या आतच डिसेक्शन झालं असेल, घरात पन्नाशीच्या आत कुणी कारण न कळता अचानक गेलं असेल किंवा धमनी वर्षात अर्धा सेंमी वाढली असेल, तर ४.५ लाच विचार करतात. तुमच्या बाबांचं वय म्हणूनच महत्त्वाचं.

तेव्हा दादाच्या त्या रात्रीच्या सीटीचा रिपोर्ट शोधा. डिसेक्शन होताना धमनी आणखी फुगते, म्हणजे आधीचा आकडा त्याहून कमीच असणार.

वर्षभर थांबू नका. आत्ता एकदा पूर्ण महाधमनीचं सीटी किंवा एमआरआय, सहा महिन्यांनी परत मोजमाप. शक्यतो त्याच सेंटरला, त्याच पद्धतीने, नाहीतर दोन-तीन मिलिमीटरचा फरक नुसता मोजण्यातच पडतो आणि सगळे घाबरतात.

टेस्ट आधी दादाची. एफबीएन१, टीजीएफबीआर, एसीटीए२, सीओएल३ए१ वगैरे जनुकांचं पॅनल असतं. त्याच्यात बदल सापडला तर तुमच्यात आणि बहिणीत तेवढाच शोधायचा. त्याची न करता तुमची निगेटिव्ह आली, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. बऱ्याच कुटुंबांत जनुक सापडतही नाही, तेव्हा इको चालू ठेवावेच लागतात.

टाकेवाला:
माझंही रूट बदललंय, पण वेळेत कळल्यामुळे स्वतःचा व्हॉल्व्ह वाचला. चालणं, हलकं सायकलिंग चालतं. श्वास रोखून जड वजन उचलणं बंद, त्या क्षणी बीपी भयंकर चढतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिक्स कुणी लिहून दिल्या तर एओर्टाचं आधी सांगा. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये याबद्दल इशारा दिलाय.

फ्लो हायमनबद्दल वाचा. १९८४च्या ऑलिंपिकमधली रौप्यपदक विजेती व्हॉलीबॉलपटू, १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना कोसळून गेली, वय ३१. मार्फन असल्याचं पोस्टमॉर्टेममध्ये कळलं. मग भावाला तपासलं तर त्यालाही तेच, आणि त्याचं ऑपरेशन वेळेत झालं.

धागाकर्ता:
फाइल सापडली. त्या रात्री दादाचा ४.८ होता! आईला विचारलं, बाबा तेव्हा ४१ चे होते.

स्टेथोवाली:
मग हे दोन्ही आकडे घेऊन एओर्टाची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनला याच महिन्यात भेटा. लगेच ऑपरेशन करायचं म्हणून नाही, तुमची सीमा किती धरायची ते लिहून घ्यायला. बहिणीला म्हणावं, दादाच्या टेस्टचा निकाल येईपर्यंत जरा थांब. तिच्यात जनुक निघालं तर गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे काही आठवडे धोका जास्त असतो, तेव्हा कार्डिऑलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनी मिळून आधी प्लॅन करायचा. लोसार्टन (बीपीची एक गोळी) चालू असेल तर ते दिवस राहण्याआधीच बदलून घ्यायचं, गरोदरपणात ते चालत नाही. आणि छातीत-पाठीत तसं दुखलंच, तर कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य 'माझ्या भावाला एओर्टिक डिसेक्शन झालंय' हेच बोला.