'हो, नक्की वापरू' म्हणणारे २९ जण

निवृत्त खजिनदार

काल 'कोडमाकड' यांनी लिहिलं की लहान सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं आणि हिशेब ठेवणारं मराठी ॲप ते काढताहेत. ३२ सेक्रेटरींना गूगल फॉर्म पाठवला, २९ जणांनी 'हो, नक्की वापरू'वर टिचकी मारली, म्हणून पुढच्या महिन्यात नोकरीचा राजीनामा. खाली 'जबरदस्त', 'अभिमान वाटला', 'भिडा राव' अशी रांग. तिथेच प्रतिसाद देणार होतो, पण लिहिता लिहिता लांबला आणि डोकंही तापलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, सेक्रेटरी तुम्हाला 'नाही' कशाला म्हणेल? त्याच्या खिशातून काय जातं? मी कोथरूडला ३६ फ्लॅटांच्या सोसायटीत २०११ ते २०१६ खजिनदार होतो. तेवढ्यात चार सॉफ्टवेअरवाले डेमो देऊन गेले. चौघांनाही मी 'छान आहे हो' म्हणालो, एकाला पोहेसुद्धा खाऊ घातले. घेतलं एकही नाही. तुमच्या फॉर्मवर मी तिसावा 'हो' झालो असतो.

का नाही घेतलं? आमचे हिशेबनीस महिना १,२०० रुपयांत बिलं, पावत्या, ताळेबंद सगळं करायचे, आणि ऑडिटर त्यांच्याच ओळखीचा. ॲप महिना ४०० ला पडत होतं. पण ॲप घेतलं म्हणून हिशेबनीस सुटत नव्हता. सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेला पैसा, कुठल्या रकान्यात टाकायचा ते ॲपला कळत असेल, मला कळत नव्हतं. म्हणजे १,२०० चे १,६०० झाले. आता हे सर्वसाधारण सभेत मांडा. आमच्या सभेत वॉचमनला नवी बॅटरी घ्यायची की जुनीत सेल टाकायचे यावर चाळीस मिनिटं गेली होती.

आज हे काम कोण करतो, ते बिघडलं तर झोप कोणाची उडते आणि चेकवर सही कोणाची, एवढंच मला विचारायचं होतं. तुमच्याकडे तिन्ही माणसं वेगळी आहेत. ॲप वापरणार सेक्रेटरी, पैसे सोडणार कमिटी, आणि झोप उडते खजिनदाराची, तीही वर्षातून एकदा, ऑडिटच्या वेळी.

आकडाही बघा. ४०० गुणिले १२ म्हणजे सोसायटीमागे वर्षाला ४,८००. बारा लाख जमवायला २५० सोसायट्या लागतील. प्रत्येकीला किमान तीन हेलपाटे, त्यातला एक रविवारी सकाळी, आणि तेव्हा चेअरमन नेमके गावाला गेलेले. ७५० हेलपाटे झाले. कोड कधी लिहिणार?

चाकोरीबाहेर

आलं का थंड पाणी! काका, तुमच्या सल्ल्याने जग चाललं असतं तर अजून एसटी स्टँडवर तिकिटासाठी रांगेत उभे असतो. ऑनलाइन बसतिकिटं विकणाऱ्या रेडबसवाल्यांनी २००६ च्या सुमारास आधी बसमालकांसाठीच सॉफ्टवेअर केलं होतं. मालकांनी ढुंकून पाहिलं नाही. मग ते म्हणाले, सॉफ्टवेअर राहू द्या, आम्हाला सीटा द्या, आम्ही विकून दाखवतो. तिथून पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही.

निवृत्त खजिनदार

हे उदाहरण कोणाच्या बाजूचं आहे ते शांतपणे परत वाचा. सॉफ्टवेअर बनवलं, गिऱ्हाइकाने घेतलं नाही. मी दुसरं काय म्हणतोय?

चाकोरीबाहेर

बनवलंच नसतं तर सीट विकायची कल्पना सुचली असती का? बरं, डन्झो घ्या. सुरुवात चक्क एका व्हॉट्सॲप ग्रुपवर झाली. ॲप नाही, काही नाही, लोक निरोप टाकायचे आणि हे सामान आणून द्यायचे.

वडाची साल

आणि जानेवारी २०२५ मध्ये बंद पडलं तेही सांगा की. गूगल आणि रिलायन्स दोघांचे पैसे लागलेले असताना.

चाकोरीबाहेर

मी सुरुवातीबद्दल बोलत होतो, शेवटाबद्दल नाही.

वडाची साल

सुरुवात सगळ्यांचीच छान असते. लग्नाचे अल्बम काढून बघा.

सह्याद्रीपुत्र

मराठी पोरगा धंद्यात उतरतोय म्हटल्यावर पाय ओढायला पहिले कोण? मराठीच. टोपलीतले खेकडे. हेच दुसऱ्या कोणी मांडलं असतं तर घरच्यांनी गल्ला उघडून दिला असता.

निवृत्त खजिनदार

खेकडे आले का, वाटच बघत होतो. साहेब, तुमच्या सोसायटीसाठी या मराठी पोराच्या ॲपचे वर्षाचे ४,८०० आगाऊ भरता? आज, आत्ता? नुसतं हो की नाही सांगा.

सह्याद्रीपुत्र

आमची सोसायटी नाही, बंगला आहे.

ठाणेकरीण

मी गेली तीन वर्षं सेक्रेटरी आहे, २४ फ्लॅट, पगार शून्य, शिव्या भरपूर. तो फॉर्म मलाही आला होता, मीही 'हो' केलं. खरं सांगू? फॉर्म लवकर संपावा म्हणून केलं.

ॲपने आमचं काहीही सुटत नाही. बिल छापणं ही अडचणच नाही, बिल भरणं ही आहे. पाच फ्लॅटांना कुलूप, मालक परदेशात. एक गृहस्थ चौदा महिने थकलेत, पण ग्रुपवर रोज पहाटे सूर्योदयाचा फोटो न चुकता. यांना नोटीस द्या, पोस्टाने पाठवा, सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे वसुलीच्या दाखल्याला जा, हे सगळं करायचं मी, ऑफिस सांभाळून. आणि हे लोक सुट्टीत आले की पहिला प्रश्न, 'लिफ्ट अजून तीच का?'

एडिसनकर

ताई, माफ करा, पण 'परदेशातले मालक' म्हणून सरसकट ठोकायचं बंद करा. कोथरूडला माझा फ्लॅट आहे. दर तिमाहीचे पैसे माझी सांगलीची बहीण फोनवरून भरते, एकही हप्ता चुकलेला नाही. तरी गेल्या वर्षी २१ टक्के व्याज लावून थकबाकीची नोटीस आली. जिन्यातल्या फळ्यावर माझं नाव लागलं. फळ्याचा फोटो माझ्या सत्तरीच्या आईने ग्रुपवर बघितला. तिला वाटलं माझी नोकरी गेली. दोन दिवस जेवली नाही.

वर बिलात नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून जादा आकार. घर बंद आहे! पाणी नाही, लिफ्ट नाही, कचरा नाही, तरी दहा टक्के जास्त?

ठाणेकरीण

मग घर रिकामं ठेवता कशाला? लिफ्टची देखभाल, वॉचमनचा पगार, रंगकाम तुमच्या कुलपाला बघून कमी होत नाही. डॉलरमध्ये कमवायचं आणि तीन हजारांसाठी चार पानी मेल पाठवायचे. आमच्याकडे एकाने इमारत गळत असताना मेलमध्ये उपविधीचा, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीचा फोटो चिकटवला होता.

एडिसनकर

तुम्ही माझे पगाराचे कागद बघितलेत का? इथे तीन हजारांत काय येतं आणि काय नाही ते मला शिकवू नका. नियम विचारला, डॉलर काय काढता?

वडाची साल

अवांतर: ॲप कोणाला आठवतंय? मी चिवडा घेऊन बसलोय, चालू द्या.

शिल्लकपत्रक

पिंपरी-चिंचवड भागातल्या ४३ सोसायट्यांची हिशेबाची वही माझ्याकडे आहे, म्हणून मध्ये पडतो.

आधी नियम. नॉन-ऑक्युपन्सी म्हणजे बंद घर नव्हे, भाड्याने दिलेलं घर. २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर जाता येत नाही, आणि घरात जवळचा नातेवाईक राहत असेल तर तेही नाही. कुलूप असेल तर लावताच येत नाही. एडिसनकरांचं बिल चुकीचं आहे. ठाणेकरीण ताईंचंही बरोबर आहे, बाकीचा मेंटेनन्स कुलपाला सुटत नाही. उपविधीतला व्याजाचा दर ही कमाल मर्यादा असते. काही कमिट्या ती देवाची आज्ञा समजतात.

आता ॲप. बिलं काढणं हे माझं दोन तासांचं काम आहे, एक्सेलमधून भराभर निघतात. जीव जातो तो बँकेच्या स्टेटमेंटवर. ३६ फ्लॅटांच्या सोसायटीत तिमाहीला आठ-दहा रकमा अशा येतात की त्या कोणाच्या ते कळत नाही. यूपीआयवर पाठवणाऱ्याचं नाव येतं, फ्लॅट नंबर येत नाही. पैसे भाडेकरूने पाठवले, जावयाने पाठवले, दुकानाच्या खात्यातून आले. बिल ३,४५० चं, कोणी ३,५०० पाठवतो, कोणी दोन फ्लॅटांचे एकत्र टाकतो. मग मी फोन करत बसतो. फोन उचलला नाही तर रक्कम अनामत खात्यात, म्हणजे कोणाची ते न कळलेल्या रकमांच्या खात्यात पडून, आणि माणूस थकबाकीच्या यादीत. एडिसनकर, तुमच्या बहिणीचे पैसे माझ्या अंदाजाने तिथेच झोपलेत. बहिणीचं आडनाव वेगळं असणार.

एडिसनकर

लग्नानंतर बदललं, हो. च्यायला.

ठाणेकरीण

आमच्या चौदा महिनेवाल्यांचं मात्र अनामतमध्ये काही नाही, मी बघितलंय. आणि फळ्यावर नाव आम्हीही लावलंय, खाली काढणार नाही. तुमच्या आईंचं मात्र वाईट वाटलं.

कोडमाकड

मूळ गुन्हेगार हजर आहे. दोन दिवस मुद्दाम गप्प होतो.

खजिनदार काका, तुमचे ७५० हेलपाटे बायकोने वाचले आणि राजीनाम्याचा मसुदा ड्राफ्टमधून उडवला. समाधान? फॉर्ममध्ये किंमत विचारली नव्हती, कारण किंमत ठरली नव्हती. हे लिहितानाच कसं वाटतंय ते मला कळतंय, कोणी वेगळं सांगू नका.

पण शिल्लकपत्रक सर, तुम्ही सांगता तो प्रश्न सुटलेला आहे. प्रत्येक फ्लॅटला बँकेकडून वेगळा व्हर्च्युअल खाते क्रमांक घ्यायचा. पैसे कोणीही पाठवोत, कोणत्या फ्लॅटचे ते आपोआप कळतं. मोठी ॲप तेच करतात.

शिल्लकपत्रक

मोठी ॲप मोठ्या सोसायट्यांत करतात. माझ्या ४३ पैकी निम्म्यांची खाती सहकारी बँकांत आहेत. एका शाखेत स्टेटमेंट हवं तर अजून अर्ज द्यावा लागतो, सहीसाठी चेअरमन शोधावा लागतो. दोन ठिकाणी मला पासबुकाचा फोटो येतो, त्यात सेक्रेटरींचा अंगठा. तिथे कसला व्हर्च्युअल क्रमांक लावता? आणि लावलात तरी लोक जुन्याच नंबरवर पाठवणार, कारण तो फोनमध्ये 'सोसायटी' नावाने सेव्ह आहे.

चाकोरीबाहेर

म्हणजे गिऱ्हाईक सेक्रेटरी नाहीच, हिशेबनीस आहे! ४३ सोसायट्या एका माणसाकडे, ७५० हेलपाटे गेले उडत. काका, बघा.

शिल्लकपत्रक

उड्या मारू नका. माझ्याकडे हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर आहे, हात बसलाय. तुमचं ॲप उघडून त्यात परत सगळं भरणार नाही. पासबुकाचा फोटो टाकला की ही रक्कम या फ्लॅटची, ही बहुतेक त्या फ्लॅटची, आणि या चार कळत नाहीत, एवढी यादी कोणी दिली तर बघू. मराठीत दिली काय, मोडीत दिली काय, मला फरक नाही.

वडाची साल

आणि ते करून देणारी पोरगी तुमच्याकडे अकरावीनंतर डेटा एंट्रीला येतेच की महिना सहा हजारात. तिच्याशी स्पर्धा आहे ॲपची. मोठ्या मोठ्या अभ्यासात हे कोणी धरत नाही.

शिल्लकपत्रक

आठ हजार. आणि ती मे महिन्यात लग्न करून नाशिकला चाललीये, म्हणून तर एवढं लिहीत बसलोय.

निवृत्त खजिनदार

माझ्या वेळी हा त्रास नव्हता. यूपीआय आलं २०१६ साली, मी त्याच वर्षी सुटलो. सगळे चेक यायचे, मागे पेन्सिलने फ्लॅट नंबर लिहायला लावायचो. त्यामुळे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तेवढ्यापुरतं मागे घेतो. राजीनाम्याबद्दलचं एक अक्षरही मागे घेत नाही. आणि हे कळलं ते फॉर्ममुळे नाही, दोघं भांडली म्हणून कळलं, याचीही नोंद घ्या.

चाकोरीबाहेर

आणि भांडण झालं कारण कोणीतरी काहीतरी काढायला निघाला होता. एवढी नोंद तुम्हीही घ्या. बाकी फॉर्म फालतू होता, मान्य. सगळ्यांना गुंतवणूकदार आणि राजीनामा लागत नाही हेही मान्य, शेअर दलालीवालं झेरोधा २०१० पासून बाहेरचा पैसा न घेता उभं आहे.

वडाची साल

आत्ता कालपर्यंत पाण्यात ढकलत होतात.

कोडमाकड

शिल्लकपत्रक सरांशी काल फोनवर बोललो. सध्या कोड लिहीत नाही. त्यांच्या तीन सोसायट्यांची स्टेटमेंटं शनिवारी घेतो आणि रात्री नोकरीवरून आल्यावर हाताने जुळवून यादी देतो. सोसायटीमागे १५० रुपये. तीन महिने. तिसऱ्या महिन्याचे पैसे मी न मागता आले तर पुढचं बघू. न ओळखलेल्या रकमा किती उरतात ते इथे टाकीन.

शिल्लकपत्रक

पहिला महिना फुकट म्हणाला होतात.

कोडमाकड

पहिली *सोसायटी* फुकट म्हणालो होतो, सर.

एडिसनकर

मध्येच बोलतो. बहिणीने कोथरूडच्या हिशेबनिसांना फोन केला होता. सापडले. तीन हप्ते, अनामत खात्यात. नाव फळ्यावर अजून आहे.