प्रतिसाद : आकड्यांपलीकडची कॉम्पॅक्ट एसयूव्ही
ग्राउंड क्लिअरन्स (रस्ता आणि गाडीचा तळ यांतले अंतर) आणि डिकीची क्षमता यांचे आकडे शेजारी मांडून कॉम्पॅक्ट एसयूव्ही निवडावी, हे मत मला अर्धेच पटते. ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. माणसे आणि सामान भरल्यावर ती किती दबते, हे माहितीपत्रकात सहसा सापडत नाही. म्हणून टेस्ट ड्राइव्हला घरच्यांना सोबत न्यावे आणि स्वतः मागच्या सीटवर बसून मांड्यांना आधार मिळतो का, पावले पुढच्या सीटखाली सरकतात का, हे पाहावे. लहान टर्बो इंजिन (ज्यात टर्बो ही यंत्रणा जादा हवा दाबून भरते) मोकळ्या रस्त्यावर जोमदार वाटते, परंतु टर्बोचा पुरेसा दाब तयार होईपर्यंत ते काहीसे मरगळलेलेच असते, त्यामुळे भरल्या गाडीने चढावर थांबून पुन्हा निघून पाहणे आवश्यक आहे. सनरूफचे, म्हणजे छतातल्या काचेच्या खिडकीचे, कौतुक मला तरी उमगत नाही; उंच माणसाच्या डोक्यावरची जागा त्याने बहुतेकदा कमीच होते.