मदत हवी आहे: अग्निवीराला घरच्या अडचणीमुळे मुदतीआधी सेवा सोडायची आहे

धाकटा भाऊ लष्करात अग्निवीर (४ वर्षांसाठी भरती झालेला सैनिक), दुसरं वर्ष चालू. वडिलांना पक्षाघात, आई डायलिसिसवर. मी एकटी बहीण, सासर लांब. भावाची वर्षाची ३० दिवसांची रजा संपली, वाढवूनही झाली. युनिटमध्ये विचारलं तर ‘अर्ज कर, कागद भक्कम हवेत’ एवढंच उत्तर. कुठले कागद, ते कुणी सांगेना.

स्वतःच्या विनंतीवर ४ वर्षांआधी सुटका फक्त अपवादात्मक परिस्थितीत, सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने होते, हे वाचलंय. सेवानिधीतला (पगारातून कापलेली रक्कम आणि सरकारची भर मिळून शेवटी एकरकमी मिळणारा निधी) सरकारी हिस्सा जाईल, स्वतःचा व्याजासह मिळेल, तेही मान्य. न सांगता घरी बसण्याचा सल्ला कृपया देऊ नका.

कुणी यातून गेलंय का? वैद्यकीय कागदांसोबत ‘घरी दुसरं कुणी नाही’ याचा तहसीलदारांचा दाखला लागतो का? आणि अर्ज फेटाळला तर पुन्हा करता येतो का?