स्किन विकून पोट भरतं म्हणे!

खडूस_खेळाडू

परवा नफेखोर यांनी इथे लांबलचक लिहिलं. सारांश असा: काउंटर-स्ट्राइक या बंदुकांच्या गेममधल्या स्किनचे (हत्यारांवरच्या रंगीत सजावटीचे) भाव कायम चढेच असतात, जोखीम नावालाही नाही, रोज थोडं फ्लिपिंग (स्वस्तात घेऊन महाग विकणं) केलं की नोकरीची गरज नाही. खाली लगेच 'दादा, मार्गदर्शन करा' वाल्यांची रांग. ती रांग बघून डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

आधी पैशांचं बोलू. स्टीम म्हणजे हा गेम जिथे चालतो ते व्हॉल्व कंपनीचं ऑनलाइन दुकान; त्याच्या बाजारात स्किन विकली की ५ टक्के स्टीमचे आणि १० टक्के गेमचे जातात. ते एक वेळ सोडा. उरलेले पैसे जातात स्टीमच्या वॉलेटमध्ये आणि तिथेच राहतात. त्यातून गेम घ्या, आणखी स्किन घ्या, बँकेत छदाम येणार नाही. रोकड हवी तर बाहेरच्या साइटवर जा, आणि तसं करणं स्टीमच्या करारात बसत नाही. म्हणजे मालकाने अजून डोळे वटारले नाहीत, एवढ्याच भरवशावर तुमचा हा 'नोकरीला पर्याय' उभा आहे.

आता 'भाव चढेच'. २२ ऑक्टोबर २०२५ विसरलात का? व्हॉल्वने एक अपडेट टाकलं: पाच लाल (दुर्मीळ दर्जाच्या) स्किन द्या, चाकू नाहीतर ग्लोव्ह्ज घ्या. झालं. तोवर केसमधून (किल्ली विकत घेऊन उघडायच्या, आत काय ते आधी न कळणाऱ्या पेटीतून) चाकू निघण्याची शक्यता साधारण ०.२६ टक्के, म्हणून त्याचा एवढा तोरा. रातोरात कित्येक चाकूंचे भाव निम्म्यावर आले. ना नोटीस, ना सुनावणी. ज्यांनी साठवलेले पैसे चाकूंत घातले होते ते कुणाकडे दाद मागणार?

आणि हा नफा येतो कुठून, यावर त्या पोस्टीत एक ओळ नाही. दहातल्या आठ केसमधून निळा (सगळ्यात साध्या दर्जाचा) कचरा निघतो. किल्ली विकत घेऊन तो कचरा काढणारं बहुतेक वेळा एखादं शाळकरी पोर असतं. त्याच्या खिशातून गेलेले पैसे फिरत फिरत तुमच्याकडे येतात, आणि तुम्ही त्याला कौशल्य म्हणता.

नफेखोर

माझं नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे.

मी एकही केस उघडत नाही, हे त्याच पोस्टीत लिहिलंय. वाचण्याआधीच डोकं फिरलं असेल तर इलाज नाही.

२२ ऑक्टोबरचं अर्धंच सांगितलंत. चाकू पडले तसे लाल स्किनचे भाव त्याच रात्री कितीतरी पट झाले. माझ्याकडे लाल होत्या. कुठला बाजार एका बाजूला कोसळताना दुसऱ्या बाजूला चढत नाही?

कौशल्याचं विचारताय, तर एक उदाहरण देतो. एके-४७ केस हार्डन्ड. नाव एकच, पण प्रत्येक स्किनला पॅटर्नचा नंबर असतो आणि त्यावर निळा कुठे, पिवळा कुठे हे ठरतं. नंबर ६६१ असेल तर वरचा भाग जवळजवळ सगळा निळा. साधा पॅटर्न आणि ६६१ यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक. विकणाऱ्याला हे माहीत नसतं तेव्हा तो साध्या भावात लावून मोकळा होतो. मी रात्री बसून नव्या लिस्टिंग चाळतो, फ्लोट (स्किन किती झिजलेली आहे तो आकडा) बघतो, वर काटोविट्से २०१४ या स्पर्धेचा एखादा महागडा स्टिकर आहे का बघतो. हे काम नाही, तर काम कशाला म्हणायचं?

जुनाट_जादूगार

दोघांचंही चालू द्या, पण गेमचं काय होतं यावर कुणी बोलतच नाहीये.

मी रूनस्केप या ऑनलाइन गेमवाला. २००७ पर्यंत तो गेम म्हणजे गाव होतं. मग आले गोल्ड, म्हणजे गेममधलं सोनं, खऱ्या पैशांना विकणारे. यू जातीच्या झाडांखाली बॉटची (आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रॅमची) रांग, सगळ्यांची नावं अक्षरं आणि आकडे कालवल्यासारखी. ते चोरीच्या क्रेडिट कार्डांवर मेंबरशिप घ्यायचे, मग कार्डाचा खरा मालक तक्रार करणार आणि भुर्दंड कंपनीला. शेवटी गेमच्या कंपनीने, जॅगेक्सने, डिसेंबर २००७ मध्ये वाइल्डरनेस या भागातली खेळाडूंची आपसातली मारामारी बंद केली आणि जानेवारी २००८ पासून मोकळा व्यापारच संपवला. मित्राला साधं चिलखत भेट द्यायचं म्हटलं तरी तीन हजार नाण्यांहून जास्त फरक चालेना! चोर सोडून संन्याशाला फाशी. फेब्रुवारी २०११ मध्ये सगळं परत आणलं तोवर माझ्या क्लॅनमध्ये कुणी उरलं नव्हतं.

तेव्हा नफेखोर, तुमचा उद्योग तुम्हाला लखलाभ. त्याची किंमत आम्ही मोजली.

पाताळवासी

जादूगारकाकांना +१. डायब्लो ३ या गेममध्ये तर ब्लिझर्ड कंपनीनेच दुकान थाटलं होतं. जून २०१२ ला खऱ्या पैशांचं ऑक्शन हाउस (लिलावघर) सुरू, हत्यार विकलं की ब्लिझर्डला त्यात एक डॉलर. राक्षस मारायचे सोडून लोक याद्या चाळत बसले. १८ मार्च २०१४ ला गाशा गुंडाळला. गेम त्यानंतर खेळण्यासारखा झाला.

कलम_बहाद्दर

मूळ लेखातला 'मालक' हा शब्द मला खटकला. मालक कोण, हे एवढं सरळ नाही.

नेदरलँड्सचा खटला बघा. २००७ साली दोन मुलांनी एका १३ वर्षांच्या मुलाला मारहाण केली, चाकू दाखवला आणि त्याला रूनस्केपमध्ये लॉगिन करून ताईत आणि मुखवटा टाकायला लावला. वकिलाचा बचाव असा की या वस्तू खऱ्या नाहीत, मग चोरी कसली? ३१ जानेवारी २०१२ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बचाव फेटाळला. मुलाने वेळ आणि कष्ट घालून त्या कमावल्या, त्या त्याच्या ताब्यात होत्या, त्याच्याकडून काढून घेतल्या, म्हणून ती चोरीच. मग 'तुमचं काहीच नाही' हे कंपन्यांचं तुणतुणं आपण का वाजवायचं?

खडूस_खेळाडू

कारण तो खटला खेळाडू विरुद्ध खेळाडू होता. कंपनीने खातं बंद केलं तर कोण चोर? ताईत त्यांच्याच सर्व्हरवर, जागचा हललेलाही नाही.

कलम_बहाद्दर

सेकंड लाइफ या ऑनलाइन दुनियेचं ऐका मग. तिथे लिंडन लॅब ही कंपनी स्वतःच जाहिरात करायची की जमीन घ्या, ती तुमची. एका गृहस्थाने आडवाटेने स्वस्तात जमीन घेतली म्हणून लिंडन लॅबने त्याचं खातं गोठवलं, सगळ्या जमिनीसकट. तो कोर्टात गेला. कंपनी म्हणाली, करारात लवादाचं कलम आहे, कोर्टात येताच येत नाही. २००७ मध्ये अमेरिकन न्यायाधीशाने ते कलम अन्यायकारक ठरवून बाजूला सारलं. 'मी सहमत आहे' वर टिचकी मारली म्हणजे कंपनीने लिहिलेलं सगळं ब्रह्मवाक्य होत नाही.

खडूस_खेळाडू

आणि पुढे? तडजोड झाली. जमीन कुणाची, हा निकाल लागलाच नाही. अर्धा खटला सांगायची सवय या धाग्यावर साथीसारखी पसरलीय.

कलम_बहाद्दर

निकाल लागला नाही म्हणजे प्रश्न खुला आहे. खुला म्हणजे तुमच्या बाजूने नव्हे. एवढं तर्कशास्त्र अपेक्षित होतं, पण असो.

नफेखोर

बहाद्दर, लाख बोललात. आणि एंट्रोपिया युनिव्हर्स या गेमचं काय? १० पेड (तिथलं चलन) म्हणजे १ डॉलर, दर कंपनीचाच, पैसे काढायची सोयही कंपनीचीच. तिथला एक लघुग्रह २००५ मध्ये १ लाख डॉलरला घेतलेला, २०१० मध्ये तुकड्या-तुकड्यांनी ६ लाख ३५ हजारांना विकला गेला. तोही पोरांचा खिसा कापून का?

खडूस_खेळाडू

एक लघुग्रह विकला गेला म्हणून सगळ्यांनी नोकऱ्या सोडायच्या? हरलेले लोक पोस्टी लिहीत नाहीत, साहेब.

सरळरेषा

मी लिहिते. हरलेली आहे.

२०२१ मध्ये मी ॲक्सी इन्फिनिटी हा ॲक्सी नावाचे प्राणी लढवून क्रिप्टो नाणी कमवायचा गेम खेळायचे. स्वतःचे ॲक्सी घ्यायला पैसे नव्हते म्हणून 'स्कॉलर' होते. म्हणजे ॲक्सी दुसऱ्याचे, कष्ट माझे, मिळालेल्या एसएलपीत (गेमच्या नाण्यांत) त्याचा वाटा. रोजचा कोटा भरला नाही की मॅनेजरचा मेसेज यायचा, 'बदली खेळाडू रांगेत आहेत'. अंगात ताप असतानाही मी कोटा भरलाय. तेव्हा एका एसएलपीला ३० सेंटच्या वर मिळत होते. वर्षभरात एक सेंटही मिळेना. मार्च २०२२ मध्ये रोनिन ब्रिजवर (गेममधले पैसे इकडून तिकडे नेणाऱ्या यंत्रणेवर) दरोडा पडून ६० कोटी डॉलरहून जास्त गेले, पण आमच्यासारख्यांचा बाजार त्याआधीच उठला होता. नवे लोक यायचे थांबले आणि जुन्यांचं नाणं घ्यायला कुणी उरलं नाही, इतकं साधं गणित.

आणि जादूगारकाका, बॉटबद्दल बोललात ते ठीक. पण गोल्ड फार्मर (सोनं कमावून विकणारे) म्हणून ज्यांना हाकलत होतात त्यात माणसंही होती. व्हेनेझुएलातले लोक ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये (त्याच गेमच्या जुन्या रूपात) ड्रॅगन मारून घर चालवायचे, कारण स्वतःच्या देशाच्या चलनापेक्षा गेममधलं सोनं जास्त टिकाऊ होतं. इतर खेळाडू त्यांना शोधून मारायचे आणि तो विनोद समजायचे.

जुनाट_जादूगार

ताई, तुमच्याबद्दल वाईट वाटलं. पण माझा गेम कुणाच्या पोटाचा प्रश्न सोडवायला नव्हता. मी मेंबरशिपचे पैसे भरून खेळायला यायचो.

सरळरेषा

हो ना. आम्हीच चुकून तुमच्या करमणुकीत जगायला आलो.

पाताळवासी

काका, जरा सबुरीने. आणि खडूस, तुम्हीही. इथे प्रत्येकाला समोरचा एकतर चोर वाटतोय नाहीतर बावळट.

नफेखोर

बावळट नाही, मत्सरी. खडूस यांची इन्व्हेंटरी (खात्यातला साठा) मी बघितलीय. निळ्यापलीकडे काही नाही. द्राक्षं आंबट.

खडूस_खेळाडू

माझी इन्व्हेंटरी निळी का आहे ते सांगू? एका टूर्नामेंटच्या साइटवर स्टीमने लॉगिन केलं. पान हुबेहूब. पासवर्ड गेला तो गेलाच, पण त्यांनी गुपचूप माझ्या खात्यावर एपीआय की (बाहेरून खातं हाताळायची किल्ली) काढून ठेवली. पुढे कित्येक दिवस काहीच घडलं नाही. मग मी मित्राला चाकू पाठवायला ट्रेड (देवघेवीचा प्रस्ताव) टाकला. तो मागच्या मागे रद्द झाला आणि त्याच क्षणी तसाच दुसरा तयार झाला, मित्राचंच नाव, मित्राचाच फोटो, खातं मात्र वेगळं. फोनवर कन्फर्म मीच केलं. स्टीमचं उत्तर: कन्फर्म तुम्ही केलंत.

आता सांगा 'जोखीम नावालाही नाही'.

नफेखोर

हे झालं ते वाईटच झालं. पण ट्रेड कन्फर्म करताना समोरच्या खात्याची लेव्हल आणि जोडल्याची तारीख बघतात हो. हा पहिला धडा असतो.

सरळरेषा

वा! घरफोडी झालेल्याला कुलपाची माहिती देताय.

कलम_बहाद्दर

आणि बाहेरच्या व्यवहारात धोका उलटाही असतो. घेणारा पैसे भरतो, स्किन घेतो, मग बँकेला सांगतो 'हा व्यवहार मी केलाच नाही'. बँक पैसे परत ओढते. तुमच्याकडे स्किनही नाही, पैसेही नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉल्वने नव्या किल्ल्यांचा व्यापार बंद केला तो असल्याच भानगडींमुळे. त्यांच्याच म्हणण्यानुसार तेव्हा फिरणाऱ्या जवळजवळ सगळ्या किल्ल्यांमागे फसवणुकीचा पैसा होता.

खडूस_खेळाडू

अरेच्चा. बहाद्दर माझ्या बाजूला कधी आले?

कलम_बहाद्दर

नाही आलो. मालकी खेळाडूचीच असावी, हे माझं मत कायम आहे. मालकी असली तरच चोरीची तक्रार करता येते. तुमच्या चाकूबद्दलही तेच.

नफेखोर

बरं, एवढं मान्य करतो: 'नोकरी सोडा' हे वाक्य काढून टाकतो. जोडधंदा म्हणा. आणि 'जोखीम नाही' च्या जागी 'अभ्यास असेल तर जोखीम कमी'. झालं समाधान?

खडूस_खेळाडू

तुमची स्वतःची नोकरी चालू आहे ना?

नफेखोर

वैयक्तिक प्रश्न नकोत.

पाताळवासी

😂

नवखा_निळू

सगळं वाचलं. निम्मं डोक्यावरून गेलं. माझ्या दादाच्या जुन्या खात्यावर २०१३ मधल्या अगदी पहिल्या केस पडून आहेत, न उघडलेल्या. खातं त्याने मला दिलंय. विकू की ठेवू?

खडूस_खेळाडू

आजच विक. आणि खातं दुसऱ्याला देणंही करारात बसत नाही, तेव्हा हे इथे बोंबलून सांगू नकोस.

नफेखोर

अजिबात विकू नकोस. त्या आता खेळताना फारशा मिळत नाहीत, उघडल्या जातात तशा कमीच होत जाणार. पण विकायचंच ठरलं तर आधी मला निरोप टाक, बाजारभावापेक्षा थोडं कमी देईन, लगेच.

जुनाट_जादूगार

निळू, उघड एखादी. गेम आहे तो.

सरळरेषा

दादाला विचारलंस का?

नवखा_निळू

दादाला भाव माहीत नाहीये.

कलम_बहाद्दर

आता मालकी कुणाची, यावर नवा धागा काढावा लागणार.